विमान अपघात : कारणमीमांसा आणि ग्रामस्थांचे कर्तव्य

(वर्धा जिल्ह्यातील सरपंच, पोलीस पाटील व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरच्या विमानतळाकडे ये-जा करणारी विमाने आपण नित्य पाहतो. बोरच्या अरण्यात अथवा आर्वी-कारंज्याच्या टेकड्यांत त्यांपैकी एखादे कोसळले, तर तेथे प्रथम पोहोचणारा मनुष्य बहुधा गुराखी किंवा वनमजूर असेल. म्हणून हा विषय आपलाही आहे.

विदर्भाला असा अनुभव नवा नाही. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळील बिरसी येथून निघालेले एक लहान प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही मृत्यू पावले. तत्पूर्वी एप्रिल २०१७ मध्ये वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून दुसरे प्रशिक्षण विमान पडले होते. त्याही वेळी दोन जीव गेले.

अशा प्रसंगी ‘यंत्र बिघडले असेल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु विमान केवळ यंत्रदोषानेच पडते असे नाही. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर, मुंबईला उतरू पाहणारे इटलीच्या अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरजवळील डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण दगावले. मुंबई अद्याप सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. आपण मुंबईच्या निकट आलो, असा वैमानिकांचा समज झाला व त्यांनी वेळेआधीच उंची कमी केली. स्थान पडताळण्याची साधने वापरली गेली नाहीत, सुरक्षित उंचीची मर्यादा पाळली गेली नाही, आणि तो प्रदेशही त्यांच्या परिचयाचा नव्हता, असे चौकशीत आढळले. अनेक उणिवा एकत्र आल्या की अनर्थ ओढवतो, तो असा.

ही कारणे शोधावयाची ती पुढील अपघात टळावा म्हणून. केंद्र शासनाच्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे प्रयोजन हेच आहे. दोषारोप करणे हे नव्हे. अनेक लहान विमानांत ‘ब्लॅक बॉक्स’ नसतो. तेथे अवशेष हीच साक्ष ठरते. पंख्याची पाती कशी वाकली यावरून इंजिन चालू होते की बंद, याचा अंदाज येतो. मोडलेल्या फांद्यांवरून विमान कोणत्या कोनात खाली आले ते समजते. कुतूहलापोटी उचलून नेलेला एखादा पत्र्याचा तुकडा म्हणजे चौकशीतून हरवलेला पुरावा होय.

विमानातील संकटसूचक यंत्र उपग्रहामार्फत स्थान कळवू शकते. परंतु आघाताने वा आगीने ते निकामी होण्याचा संभव असतो. मग शोधपथकाची सारी भिस्त गावकऱ्यांच्या माहितीवर राहते. यास्तव अपघात दिसताच ११२ क्रमांकावर कळवावे. ठिकाण, वेळ, विमानाची दिशा व इंजिनाचा आवाज कसा होता, हे टिपून ठेवावे. जखमींचे प्राण वाचविणे हे पहिले कर्तव्य. परंतु सांडलेल्या इंधनाजवळ विडी-काडी पेटवू नये. त्यानंतर पोलीस येईपर्यंत जागेची राखण करावी, अवशेष हलवू नयेत आणि फांद्या तोडू नयेत.

ग्रामसभेत आणि शाळेच्या वर्गात एवढी माहिती आपण अवश्य पोहोचवावी, ही विनंती.