उपरण्याचा पांढरा

मंडळी, वडिलांचं कीर्तनातलं उपरणं अजून आमच्या खुंटीवर आहे. विरत चाललंय. म्हटलं, फाटण्याआधी जलरंगात उतरवून ठेवू. साठी उलटल्यावरचा उद्योग, हसा खुशाल! पहिल्या दिवशी नळीतला पांढरा थापला. उपरणं कसलं, चुना फासल्यासारखं झालं. नात म्हणाली, “आजोबा, पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो.” घ्या! निर्गुणाचं निरूपण करण्यात जन्म गेला, आणि हात मात्र नळीकडे.

जलरंग पारदर्शक, उजेड खालच्या कागदावरून परततो. तुम्हीही करून बघा. पांढरं कापड टांगा, डोळे किलकिले करा. शुद्ध पांढरं फार थोडं दिसेल. चुण्यांतली सावली निळसर करडी, खाली तांबडी फरशी असेल तर काठाला तिची झाक. तेवढंच पातळ लावायचं, मागची भिंत गडद करायची. मधे उरला कोरा कागद, तेच उपरणं. घाई मात्र नको हो. सावली ओली असताना भिंत रंगवली की भिंतीचा रंग आत धावतो. माझा धावला. टिपकागदानं टिपला, थोडा निघालाही. पण नेमकी वडिलांच्या खांद्यावर यायची ती घडी करडीच राहिली.