कासिनोच्या दगडावरचे एक नाव

(सोलापूर येथे नोव्हेंबरमधील स्मरणाच्या रविवारी केलेले भाषण)



युद्धात पडलेल्यांच्या स्मरणासाठी आपण आज जमलो आहोत. मी एकाच जवानाविषयी बोलतो. नायक यशवंत घाडगे, गाव पळसगाव, तालुका माणगाव. आजचा रायगड जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. अशा शूराला खरे तर ‘ते’ म्हणायला हवे. पण तो गेला तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता, आपल्या घरातल्या मुलाएवढा. म्हणून मी ‘तो’च म्हणणार.

१० जुलै १९४४. इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो एका सेक्शनचा प्रमुख होता. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला. हातबॉम्बने त्याने मशीनगन बंद पाडली, ती चालवणाराही मेला. दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, तेव्हा हातातली बंदूक नळीकडून धरून त्याने उरलेल्या दोघांना मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि जिंकलेल्या त्याच जागी त्याने प्राण सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

उपासनेच्या जागी हे सांगणे सोपे नाही. त्या चौघांनाही आया होत्या. कासिनोजवळच्या जर्मन दफनभूमीत वीस हजारांहून जास्त सैनिक आहेत. त्यांच्यासाठीही आज प्रार्थना व्हावी, असे मला वाटते.

यशवंतची कबर मात्र कुठेच नाही. ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत त्याचे नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यासाठी निवडले. ज्या मुलखात परक्यांची लढाई होऊन गेली, त्या मुलखातल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी ही आठवण ठेवली, हे मला पदकाहून मोठे वाटते.

पण त्याच्या सेक्शनमधल्या बाकीच्यांचे काय? त्यांची नावे आपण कधी घेत नाही. इटलीत पाच हजारांहून अधिक हिंदी जवान मेले. पदक मिळाले त्याचा पुतळा झाला. बाकीचे घराच्या भिंतीवरच्या फोटोत राहिले, आणि पुष्कळदा तो फोटोही भिंत पाडली तेव्हा गेला.

म्हणून एक विनंती. आपल्या घरात, शेजारात किंवा आपण जिथे सेवेला जातो त्या पाड्यांवर, पलटणीत जाऊन परत न आलेल्या कुणाचे नाव म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, तर ते लिहून घ्या. बापाचे नाव आणि गावही लिहा. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात, आणि त्यांत बापाचे नाव नि गाव बरेचदा सापडते. शोधायला मी मदत करीन. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.