शटर स्पीड किती होता, दादा?

हमिंगबर्डचे फोटो टाकायला लागल्यापासून मला एकच प्रश्न सारखा येतो: "दादा, शटर स्पीड किती होता?" उत्तर आहे १/२०० सेकंद. लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. पंखाचं एकेक पीस मोजता येतंय आणि शटर १/२००? एवढ्या शटरला तर पळणारं कुत्रंसुद्धा हलतं. तर आजचा एपिसोड त्या एका आकड्यावर.

आधी थोडी ओळख. मी सॅन होजेला राहतो, कॅलिफोर्नियात. पोटासाठी कोड लिहितो. इथे अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने दिसतो. वजन साधारण चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच जास्त. आणि एक गोष्ट क्लिअर करून टाकू: हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या फक्त अमेरिका खंडांत. पुण्या-नाशिकहून तुम्ही "आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड आला" म्हणून जे पाठवता, तो शिंजीर असतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता गणित. अ‍ॅनाचा पंख साधारण पाच सेंटिमीटर. एका जागी तरंगताना तो सेकंदाला चाळीसेक वेळा पूर्ण पुढे-मागे जातो. पंखाचं टोक प्रत्येक फटक्यात दहा-अकरा सेंटिमीटरची कमान कापतं, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर. १/२०० सेकंदात ते टोक चारेक सेंटिमीटर सरकतं, सगळा पंख धूर. १/४००० केलं तरी दोन मिलिमीटर सरकतंच, आणि फटक्याच्या मधोमध वेग सरासरीपेक्षा बराच जास्त असतो. मिररलेस कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर अजून गंमत: सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे साध्या सेन्सरवर पंख केळ्यासारखा वाकडा येतो.

म्हणून हे काम शटरचं नाहीच. ते फ्लॅशचं आहे.

आपल्याला वाटतं, फ्लॅशची पॉवर कमी केली की उजेड मंद होतो. प्रत्यक्षात ट्यूब तशीच प्रखर पेटते, फक्त लवकर बंद होते. पॉवर म्हणजे खरं तर वेळ! निकॉनच्या एसबी-८०० या जुन्या फ्लॅशचे आकडे बघा: फुल पॉवरला १/१०५० सेकंद, १/१६ पॉवरला १/१०,९००, १/३२ ला १/१७,८००, आणि १/१२८ ला १/४१,६००. पंखाचं टोक १/१७,८०० सेकंदात अर्धा मिलिमीटर हलतं. झालं, पंख गोठला.

पण एक अट आहे, आणि सगळं तिथेच अडतं. फोटोतला उजेड फक्त फ्लॅशचा हवा. शटर १/२०० सेकंद उघडं आहे, त्या वेळात उन्हाचा उजेड आत आला की तोही आपलं चित्र काढणार, आणि गोठलेल्या पंखाभोवती भुतासारखी सावली येणार. म्हणून फीडर टांगायचा बाल्कनीच्या दाट सावलीत. आयएसओ २००, एफ १६, १/२००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काहीही ओळखू येत असेल तर जागा बदला.

एवढ्या कमी पॉवरवर उजेड पुरणार कसा? फ्लॅश जवळ आणून. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. फीडरपासून अर्ध्या मीटरवर १/३२ पॉवर एफ १६ ला आरामात पुरते. कॅमेरा मात्र लांब, टेलिफोटो लेन्स लावून. आणि हाय स्पीड सिंक हे बटण चुकूनही दाबू नका. त्यात फ्लॅश बारीक बारीक धडधडत राहतो, म्हणजे तो ऊनच झाला, परत शटरच्या भरवशावर आलात.

किती फ्लॅश? माझ्याकडे चार आहेत, तीन सेकंडहँड. दोन समोरून, लेन्सच्या जवळ. का, ते ऐका. नराच्या गळ्यावरचा तो भडक गुलाबी रंग रंगद्रव्याचा नाही, तो पिसांच्या बारीक रचनेतून येतो. उजेड तुमच्याच बाजूने गेला तर गळा पेटतो, बाजूने गेला तर तोच गळा कोळशासारखा काळा. तिसरा फ्लॅश मागून, कडा उठवायला. चौथा पाठीमागच्या पडद्यावर, कारण पडद्याला उजेड नाही मिळाला तर दिवसाढवळ्या काढलेला फोटो अमावस्येचा वाटतो.

हो, पडदा. माझ्या फोटोतलं हिरवं जंगल म्हणजे मॅट कागदावरची प्रिंट आहे. मी ते कॅप्शनमध्ये लिहितो, आणि मग निम्मे लाइक कमी होतात. होऊ देत. हा स्टुडिओतला फोटो आहे, फक्त मॉडेल स्वतःहून उडत आलंय. तसं न सांगता "वाइल्ड मोमेंट" लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

हे कोणी नव्याने शोधलेलं नाही बरं का. एमआयटीतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर हॅरल्ड एजर्टन यांनी १९३६ मध्येच न्यू हॅम्पशरच्या होल्डरनेस गावी स्ट्रोबने हमिंगबर्ड टिपले होते. पुढे ड्यूपॉन्ट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट, तेही इंजिनिअरच, याच नादाला लागले आणि १९६० मध्ये त्यांचं हमिंगबर्डवरचं पुस्तक आलं. तेव्हाची यंत्रं अवजड होती. आज तेच काम हातात मावतं.

पण एक गोष्ट मला खटकते. अशा शूटसाठी आसपासचे सगळे फीडर काढून एकच ठेवायची पद्धत आहे, म्हणजे पक्षी झक मारत तिथेच येतो. दुपारी तासभर ठीक. पण पहाटे आणि संध्याकाळी मी हे करत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. उडताना या पक्ष्याचं हृदय मिनिटाला हजारापेक्षा जास्त वेळा धडधडतं. थंड रात्री तो टॉर्पर नावाच्या ग्लानीत जातो, शरीर गार पडतं, ठोके पन्नासेकवर येतात. संध्याकाळी पोट भरलं तरच रात्र निघते, आणि सकाळी उठल्या उठल्या टाकी रिकामी असते. त्या वेळी त्याचं ताट आपल्या अँगलसाठी हलवायचं? नाही.

फीडरमध्ये एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. लाल रंग नको, मध नको, गूळही नको. उन्हाळ्यात दोन दिवसांनी धुवायचा, नाहीतर बुरशी येते.

आता शिंजीर. तो फुलाशेजारी फांदीवर बसून मध पितो, मधूनच जरासा तरंगतो. त्याला एवढा सेटअप लागतच नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि १/२००० शटर पुरे. बाल्कनीतल्या वेलीवर त्याचं कोळिष्टकं लावलेलं लोंबतं घरटं असेल तर मात्र फ्लॅश बंद, आणि समोरची पानं बाजूला करू नका. ती पानंच कावळ्यापासूनचा आडोसा असतात.

फक्त फोन असेल तर? फोनचा एलईडी फ्लॅश पंख गोठवत नाही, तो सतत पेटणारा दिवा आहे. तो विसरा. भर उन्हात २४० फ्रेमचा स्लो-मो लावा. हमिंगबर्डच्या पंखाच्या एका पूर्ण पुढे-मागे फेरीला त्यात सहा फ्रेम मिळतात. शिंजीरचा पंख बराच सावकाश हलतो, जास्त मिळतील. काढा आणि पाठवा, बघूया मोजून. भेटू पुढच्या भागात.