इस्पितळात जडणारे आजार

उधना स्थानकातून निघणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे जोडीत जळगावला पोचतो. याच वाटेने आलेली कित्येक खानदेशी कुटुंबे उधन्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत स्थिरावली. त्यांतले कोणी इस्पितळात पडले की गावाकडची मंडळी मिळेल त्या गाडीने निघतात, खाटेवर बसून रोग्याच्या अंगावरून हात फिरवितात, डबा उघडून घास भरवितात. या मायेला मोल नाही. परंतु त्या हातांबरोबर आणखी काय आत येते, याचा विचार सहसा होत नाही.

दाखल होताना अंगात नसलेला आणि साधारणतः ४८ तासांनंतर उद्भवणारा संसर्ग हा इस्पितळातला संसर्ग समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे, श्रीमंत देशांत दर १०० दाखल रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तो जडतो. आणि अशा दर दहा रोग्यांपैकी सरासरी एक दगावतो. जो वाचतो त्याचाही मुक्काम लांबतो, आणि मागावरच्या कामगाराला मुक्काम लांबणे म्हणजे मजुरी बुडणे.

१९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहराने आपले रस्ते झाडून काढले, त्याची वाहवाही झाली. इस्पितळाचा प्रश्न मात्र नुसत्या झाडूने सुटत नाही. फरशी आरशासारखी असली तरी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जंतूंना नेणारे मुख्य वाहन म्हणजे माणसाचा हात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये शेकडा २ वर आले. तरीही अनेक सहकाऱ्यांना ते रुचले नाही. विद्वानाला ‘हात धुवा’ म्हणणे आजही अवघडच आहे!

दुसरी वाट नळ्यांची. लघवीची नळी किंवा शिरेतली सुई जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. म्हणून ‘अजून हिची गरज आहे का?’ असे परिचारिकेला रोज नम्रपणे विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. लघवीची पिशवी मूत्राशयाहून खालीच लोंबती असावी, पण जमिनीला टेकू नये. रोग्याला हलविताना ती उचलून पोटावर ठेवली, तर जंतूंसह लघवी उलटी आत शिरते. जबर औषधे पुढे आहेतच, हा भरवसाही आता धरता येत नाही. इस्पितळातले कित्येक जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत.

सर्दी-खोकला असलेल्याने भेटीचा हट्ट धरू नये. इतरांनी रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर, नखे व बोटांच्या बेचक्यांसह, साबणाने निदान ४० सेकंद हात धुवावेत. डब्याच्या पिशवीतच साबणाची एक वडी घालून आणावी. वॉर्डातल्या नळावर ती असेलच असे नाही.