यंत्राची विद्या कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाचे पूर्वी काही अडले, तर तो शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याकडे जात असे. कोणते परिपत्रक कोठे लागू पडते, संतापलेल्या ग्राहकाशी कसे बोलावे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते माणसांत होते. आज अनेक कंपन्यांत तोच प्रश्न संगणकाला विचारला जातो. कंपनीची कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि कर्मचाऱ्यांची संभाषणे यांच्या आधारे कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा ‘साहाय्यक’ क्षणार्धात उत्तर देतो. सोय मोठी आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की, या साहाय्यकाची विद्या आली कोठून आणि तिचे फळ जाते कोणाकडे?

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतील पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्यांचा निबंध २०२३ साली प्रथम आणि २०२५ साली अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला. यांतील बहुसंख्य कर्मचारी फिलिपाइन्समध्ये काम करीत होते. ग्राहकाशी संभाषण चालू असतानाच यंत्र त्यांना उत्तर सुचवीत असे. तासाला सुटणाऱ्या तक्रारींचे प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनी वाढले. कमी अनुभवी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे ३० टक्के होती. दोन महिन्यांचा कर्मचारी यंत्राच्या मदतीने सहा महिन्यांहून जुन्या, पण यंत्र नसलेल्या सहकाऱ्याच्या तोडीचे काम करू लागला. ग्राहकांचे बोलणेही सौम्य झाले. हे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र सर्वांत कुशल कर्मचाऱ्यांच्या पदरात काय पडले? वेगात किंचित वाढ आणि गुणवत्तेत किंचित घट! आणि यंत्राला चांगल्या उत्तराचे वळण लावण्यासाठी आधार घेतला होता तो नेमका त्यांच्याच संभाषणांचा. कुशलांची विद्या नवख्यांपर्यंत पोहोचली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे; परंतु या देवघेवीत मालकी तिसऱ्याकडेच राहिली. मोबदल्याचा हा प्रश्न खुद्द अभ्यासकर्त्यांनीही उपस्थित केला आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये. कामगारांपाशी परंपरेने साठलेले ज्ञान गोळा करून त्याचे नियम व सूत्रे बनविणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे, असे फ्रेडरिक टेलरने १९११ सालीच लिहून ठेवले होते. हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ साली त्याचा अर्थ उलगडून दाखविला: विचार एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला. ज्याच्यावाचून काम अडते त्याच्याशीच मालक सौदा करतो. ज्ञान काढून घेतले की सौद्याची ताकदही जाते. टेलरच्या माणसाला घड्याळ घेऊन कामगाराच्या शेजारी उभे राहावे लागे. आज कर्मचारी टंकतो तो प्रत्येक शब्द आपोआप साठविता येतो.

म्हणून यंत्र मोडावे काय? मुळीच नाही. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी संगणकीकरणाविषयी करार केला. यंत्र आले, पण वाटाघाटी होऊन आले. तंत्रातील ज्या सुधारणेमुळे कामगारकपात संभवते, तिची पूर्वसूचना देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. परंतु हा साहाय्यक कपातीची भाषा करीत येत नाही. तो मदतनीस म्हणून येतो. कपातीची वेळ येईपर्यंत ज्ञान हस्तांतरित झालेले असते.

तेव्हा संघटनांच्या मागणीपत्रकात तीन कलमे आताच यावयास हवीत. कर्मचाऱ्यांचे कोणते लेखन व संभाषण यंत्रासाठी वापरले जाणार, हे संघटनेला आधी कळले पाहिजे व तिची संमती घेतली पाहिजे. वाढलेल्या उत्पादकतेचा वाटा वेतनवाढीच्या किंवा कामाच्या तासांतील कपातीच्या रूपाने कर्मचाऱ्यांना मिळाला पाहिजे. आणि यंत्राने दिलेल्या चुकीच्या उत्तराचे खापर कर्मचाऱ्याच्या माथी फुटता कामा नये.

यंत्र विकत घेता येते. त्यातील विद्या मात्र श्रमिकांनी वर्षानुवर्षे काम करून मिळविलेली आहे. तिच्यावरील हक्क आज सांगितला नाही, तर उद्या सांगण्याजोगे हाती काही उरणार नाही.