'नेता नेतारौ नेतारः'



संस्कृतच्या तासाला आपण हे घोकायचो. गर्भातल्या मज्जारज्जूत कोवळा चेतातंतू वाट कशी शोधतो, त्याचं एक उत्तर याच शब्दात निघालं. १९९४ साली कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून वेगळ्या काढलेल्या प्रथिनाला संस्कृतवरून नाव दिलं गेलं 'नेट्रिन', म्हणजे वाट दाखवणारं. गंमत अशी, की तेच काही तंतूंना ओढतं आणि काहींना हाकलतं. नांदेडच्या स्टँडवर 'लोहा, अहमदपूर, लातूर' अशी आरोळी आली की लातूरवाले धावतात, परभणीवाले मागे सरतात, तसंच! फरक तंतूच्या टोकावरच्या रिसेप्टरचा.

मोठेपणी मज्जारज्जूला इजा झाली, की मात्र वाढ रोखणारेच संकेत पुढे येतात. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसलेला आपला मित्र मला विचारतो, "तुझा नेता कधी येणार रे?" अजून तरी माझ्याकडे तारीख नाही.