माळ्यावरची अडगळ



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. माझी एक चूक तेवढी सांगते.

दिवाळीआधी आम्ही माळा उपसला. मोडका पलंग, फाटक्या गाद्या, गंजलेले पत्रे भंगारवाल्या दोघी बायकांनी तीन जिने खाली नेले. ठरले होते सहाशे. मी पाचशे दिले आणि वर एक जुनी साडी. मनात म्हटले, केवढी मी उदार! थोरली शांतपणे म्हणाली, "साडी राहू द्या ताई, ठरलेलं तेवढं द्या." माझी मान खाली गेली.

पुण्यात १९९३ साली अशाच कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यांचे काम हे काम आहे, आपले उपकार नव्हेत.

तेव्हापासून माझा नेम असा : मजुरी आधी ठरवायची आणि पुरती द्यायची. बक्षिसी त्याहून वेगळी, रोख, प्रत्येकीच्या हातात. जिने जास्त, ओझे जड, तर बक्षिसीही जास्त. जुने कपडे विचारूनच द्यावेत. फुटकी काच कागदात बांधून तसे सांगावे. आणि आल्याबरोबर तांब्याभर पाणी पुढे करावे.

माळा रिकामा करताना मनही थोडे झाडून घ्यावे, एवढेच सांगून मी रजा घेते.